पेशीची वही आणि एकोणीस उलटे रेणू

मी स्वतःच्या हातांनी घडवलेल्या वस्तू अशा: लाकडी गोळ्यांचे अमिनो आम्लांचे वीस नमुने, तांब्याच्या पत्र्याची, मधोमध उघडणारी तंतुकणिका, म्हणजे पेशीतले वीजघर, प्रयोगशाळेतली बाटल्यांची दोन कपाटे, ज्यांची दारे अजून कुरकुरत नाहीत, आणि ‘पेशीची ओळख’ ही तीनशे बारा पानांची वही. मण्यांचे पेशीपटल या यादीत धरू नये. ते पत्नीने ओवले आहे. कुठला मणी पाण्याकडे तोंड करील आणि कुठला पाठ फिरवील, एवढेच मी सांगत होतो, आणि तेही तिला खपले नव्हते.

मी, वय त्रेपन्न, महाविद्यालयातील जीवरसायन प्रयोगशाळेचा परिचर, सगळे मला ‘मिस्त्री’ म्हणतात, शिक्षण दहावी नापास, पुढचे सर्व वाचून, हा कागद पूर्ण भानावर आणि स्वतःच्या हट्टाने लिहीत आहे. येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, “काळजीचं काही कारण नाही.” मी म्हटले, “मग मृत्युपत्र करायलाही हरकत नाही.” मात्र त्याचे कारण घर नव्हे, वही आहे. माझ्या माघारी ती दुसऱ्याच्या नावावर जाऊ नये.

१. राहते घर, दोन खोल्या व गॅलरी, पत्नीला पूर्ण मालकीने. गॅलरीतील नळ डावीकडे फिरवल्यावर बंद होतो. तो मी तसाच बसवला आहे, प्लंबरला दुरुस्त करू देऊ नये.

२. बँकेतील शिल्लकही तिचीच. तिने ती कोणालाही उसनी देऊ नये, विशेषतः कलम तीनमधील व्यक्तीला.

३. थोरल्या भावास: एक कच्चा बटाटा, एक उकडलेला बटाटा व हायड्रोजन पेरॉक्साइडची छोटी बाटली. त्याने भर लग्नात विचारले होते, “काय रे, बटाटे उकडायचा पगार देतात का तुला?” दादाने दोन्ही कापून त्यांवर थेंब टाकावेत. कच्चा फसफसेल, उकडलेला ढिम्म राहील. कच्च्यात विकर, म्हणजे एन्झाइम, शाबूत असते. उकडले की त्याची घडी विस्कटते आणि काम थांबते. याच कामाचा पगार देतात. अधिक माहिती पान ८७.

४. हत्यारे मुलीला. ती बेकरीत काम करते. यीस्ट साखरेचे काय करते हे मी सांगू लागलो की म्हणते, “बाबा, पाव फुगतोय ना? मग झालं तर!” परंतु पिठाचे फुगणे कधी थांबवायचे हे तिला बोटांनी कळते. मला ते तीन पुस्तके वाचून कळले. म्हणून वहीही तिलाच. छापणे न छापणे तिची मर्जी. अट एकच: छापल्यास माझ्या नावाने, आणि प्रकरण सात गाळायचे नाही.

त्या प्रकरणात माझी चूक आहे. अमिनो आम्लांना आपल्या दोन तळहातांसारखे डावे-उजवे असते. त्यांतले ग्लायसिन तेवढे दोन्हीकडून सारखे. आपल्या शरीरातील प्रथिने डाव्यांचीच बनतात. मी पुस्तकातील आकृती पातळ कागदावर गिरवून घेतली आणि गोळ्यांवर भोके आखताना कागद उलटा चिकटवला. एकोणीसचे एकोणीस नमुने उजवे झाले. विभागप्रमुखांनी त्यांवर अकरा वर्षे शिकवले. एकदा सुट्टीत मी ते एकापुढे एक जोडले, तर साखळीचे मळसूत्र पुस्तकातल्यापेक्षा उलट्या बाजूला वळले.

मी साहेबांना सांगितले. ते म्हणाले, “मिस्त्री, अहो, डावं-उजवं कोण बघतंय? मुलं पास होताहेत ना?”

“मुलं पास होतील साहेब, प्रथिन होणार नाही.”

मी एकोणीसही नव्याने केले. प्रकरण सातमध्ये ही सर्व हकीकत तारखांसह आहे.

५. नवे नमुने प्रयोगशाळेला. जुने एकोणीस मुलीला, जाळू नयेत. चूक कशी दिसते हे हातात घेऊन कळायला हवे.

लिहून ठेवणार: मिस्त्री (सही)
साक्षीदार: कोपऱ्यावरचे औषधविक्रेते (सही), महाविद्यालयाचा पहारेकरी (सही)
स्थळ: राहते घर, स्वयंपाकाच्या ओट्याशेजारचे टेबल
दिनांक: नऊ मार्च, शनिवार

पुरवणी, त्याच दिवशी, त्याच साक्षीदारांसमोर. सह्या झाल्यावर औषधविक्रेत्यांनी कागद पुन्हा वाचला आणि विचारले, “एवढी अट घातलीत, मिस्त्री, पण ती मोडायला कोण येणार आहे, ते वहिनींना ठाऊक आहे का?”

पत्नी कणीक मळत होती. तिचे हात थांबले. “कोण येणार आहे?”

औषधविक्रेत्यांना मी सांगितले होते, तिला नव्हते. ती चूक मान्य करून लिहितो. गेल्या महिन्यात विभागप्रमुख घरी आले होते. पत्नी बाहेर गेली होती. माझ्या माघारी ते पुन्हा येतील आणि गोड बोलतील, म्हणून आकडा तिने त्यांच्याआधी माझ्याकडून ऐकावा, आणि मला जे काही सुनवायचे ते मी समोर असताना सुनवावे. त्यांचे म्हणणे असे: वही छापायची, पण प्रकरण सात काढायचे, मुखपृष्ठावर त्यांचे एकट्याचे नाव घालायचे, आणि मला एकरकमी सहा लाख चाळीस हजार. मी नाही म्हणालो.

मिस्त्री (सही)