बिनमिठाची वाटी

सेक्टर एक, भिलाई
२ मे १९६१

चि. सुखरामले मोठ्या बहिणीचा जयभीम आणि आशीर्वाद.

मागच्या पाकिटावर तू गाव लिहिलं, जिल्हा लिहिला, क्वार्टरचा नंबर तेवढा विसरला. पोस्टमन चार दिवस मनकर्णा शोधत फिरला. शेवटी पत्र एका सरदारजीच्या घरी सापडलं. आता नंबर तळहातावर लिहून ठेव, अन् हात धुऊ नको.

अक्षर सूनबाईचं, चंपाचं आहे. मी बोलतो ते सुधारून लिहिते. तिले म्हटलं, जसं येते तसंच लिही.

ऊन असं आहे की दुपारी नळाच्या पाण्याचा चहा होईल. देवीदास बरा आहे. नऊ दिवस झाले, घरी जेवला नाही, कॅन्टीनमध्ये खाते. माह्या लेकाची ड्यूटी पोलाद कारखान्यात कोक ओव्हनवर, कोळसा भाजायच्या भट्टीवर, त्याले गरम अन्न नको वाटते. उन्हाळा आहे, दुसरं काही नाही.

त्याच्यासाठीच कोशिंबीर करतो. सुपेल्याच्या बाजारातली काकडी बारीक कोचायची, कांदा, थोडी कैरी. दाणे भाजून, सालं फुकून, भरड कुटायचे. दाताखाली आले पाहिजेत. मले दात नाहीत, ती गोष्ट वेगळी. मीठ सगळ्यात शेवटी, नाहीतर पाणी सुटते.

मिठाचंच सांगायचं होतं. चंपा लिहिता लिहिता थांबली; तिले आता माहीत आहे.

बाजूले ठकूबाई राहते, वर्ध्याकडची कुणबीण. या लाइनीत कोणी तेलुगू बोलते, कोणी बंगाली. मराठीत भांडाले मले ती एकटीच. मागच्या उन्हाळ्यात म्हणाली, "मनकर्णाबाई, कोशिंबीर मलेही द्या. पण मीठ नका टाकू. मी माह्या घरी टाकीन."

समजलं ना? काकडी-दाणे आपल्या हातचे चालतात. मीठ पडलं की ते आपलं अन्न झालं, मग बाटते. मी हसली. दोन उन्हाळे तिची वाटी वेगळी काढत आली. घरात कोणाले सांगितलं नाही.

नऊ दिवसांआधी देवीदासनं पाहिलं.

"आई, ही वाटी बिनमिठाची कावून?"

"पाणी सुटते ना बाबू. ठकूबाई घरी नेऊन टाकते."

"मग आपल्या वाटीत आत्ताच कावून टाकलं?"

माह्या तोंडाले सारं गाव भ्यायचं, अन् मी खाली मान घालून दाणे कुटत बसली. तो म्हणाला, "नागपूरले पांढरं लुगडं नेसून दीक्षा घ्याले कायले गेली होती?" अन् डबा न घेताच ड्यूटीवर निघून गेला.

त्याचं खरं आहे. पण त्याले तिकडे हजार माणसं. मी दिवसभर कोणाशी बोलू? हे त्याले नाही म्हटलं, तुले म्हणतो. मले वाटलं, पक्कं क्वार्टर, सगळ्यांचा नळ एक, ते सारं गावातच राहिलं असेल. नाही राहिलं. मीच पदरात बांधून आणलं. थकली रे मी.

काल मीठ टाकूनच वाटी नेली. दारातच सांगितलं, "ठकूबाई, मीठ टाकलं आहे."

तिनं वाटी हातात घेतली. मग म्हणे, "जास्त तर नाही झालं?"

"चाखून पाहा."

वाटी आत नेली. संध्याकाळी घासून आणून दिली. तिनं खाल्ली का गाईले घातली, देव जाणे म्हणणार होती, पण देव तर आपण सोडले. मी विचारलं नाही. आज नळावर बोलली, नेहमीपेक्षा कमी.

देवीदासले अजून माहीत नाही. चंपा म्हणते, "आत्याबाई, मी सांगतो." नको. त्याच्यासमोर सगळ्यांची कोशिंबीर, ठकूबाईचीही, गंजाच्या एकाच भांड्यात मीठ टाकून करीन. बसला जेवाले तर बसला.

चंपानं लिहिलं, अंगठा माझा.

तुझी बहीण,
मनकर्णा

ता. क. इथले दाणे खवट निघतात. घरचे पायलीभर पाठव. पण कच्चे नको. तुझ्या बायकोले सांग, मिठाच्या पाण्यात भिजवून, रेतीत भाजून, खारे करूनच पाठव.