इकराच्या दवाखान्याबाहेर

शमीम, सलाम.

एटापल्लीले सुखरूप पोचलो. इथी फोन लागत नाई, म्हणून कंडक्टरजवळ चिठ्ठी देतो. तुझा गुडघा कसा आहे?

मस्कतवरून मी आपल्या इकराले म्हटलं होतं, बायांले मुलं थांबवायचे उपाय द्यायचं हे काम सोड, नाई तर मले फोन करू नको. आज तिच्या दवाखान्याबाहेर बाकावर बसलो होतो. बाजूले बुधू नावाचा जवान माणूस होता, त्याची बायको आत होती.

"पहिल्या बाळंतपणात मरता मरता वाचली," तो म्हणे. "दुसरं पाहिजे आमाले, पण तिच्या अंगात ताकद आल्यावर. इकरा सिस्टरनं तिलेच विचारलं, तुले कधी पाहिजे."

मले आपल्या मोहसीनच्या बाळंतपणातली तू आठवली. तुले कोणीच विचारलं नव्हतं, मीबी नाई.

इकरा बाहेर आली. मी इतकंच म्हटलं, "चहा करून देऊ का?"

ती बाकावर माझ्या बाजूले बसली. म्हणे, "द्या, अब्बा. साखर नका टाकू."

जंगलातल्या गावांत एकटीच गाडीवर जाते, तेवढी काळजी वाटते. बाकी पोरगी मजेत आहे. तिनं साखर कधी सोडली, मले माहीत नव्हतं. अजून काय काय माहीत नाई, ते विचारायले जुम्म्यापर्यंत इथीच राहतो.

तुझा,
जाफर