लिंबोणीचा थांबा

रविवार, १४ डिसेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. मी आणि बाबा बरे आहोत. वहिनी आणि चिमणीही मजेत असतील. कालचा प्रकार ठेकेदाराने तुला त्याच्या पद्धतीने सांगितला असेलच. माझ्या पद्धतीने तो असा:

१. सकाळी ठेकेदार दोन कामगार आणि जमीन उकरायचं मशीन घेऊन मागच्या फाटकातून बागेत शिरला. मला कुणीही कळवलं नव्हतं.

२. मी आंघोळीला गेले होते. बाहेर येईपर्यंत कामगारांनी बागेतली दोरी खांबांसकट उपटून कोपऱ्यात टाकली होती. पुदिन्याचा वाफा सपाट झाला होता.

३. मी मशीनच्या तोंडासमोर खुर्ची ठेवून बसले.

४. ठेकेदाराने तुला फोन लावला. स्पीकर चालू होता. तू म्हणालास, "तिला समजावून बाजूला करा. तिला बागेत खेळायचंय. बाबांनी नकाशा पाहिलाय, त्यांना पसंत आहे."

५. मी बाजूला झाले नाही. मशीन परत गेलं. फाटकाला आता माझं कुलूप आहे.

माझे केस ओले होते आणि हातात टॉवेल होता, त्यामुळे मी वेडी आहे असंही तो म्हणाला असेल. म्हणू दे. "ताई, आम्हाला वरून हुकूम आहे," असं तो सारखं सांगत होता. "मग हुकूम देणाऱ्याला म्हणावं, इथे येऊन माझी खुर्ची उचल," असं मी सांगितलं.

खेळण्याबद्दल. मी दिवसभर कारखान्यात दाबमापकं तपासते. ज्याचा काटा चुकीचा आकडा दाखवतो त्यावर लाल खूण करते आणि बाजूला ठेवते. घरी येऊन खेळण्याइतकी ताकद उरत नाही. ही बाग कशासाठी आहे ते तुला कधी सांगितलं नव्हतं. आता सांगते.

गेल्या वर्षी पावसाळ्यात बाबा टाकीजवळ पडले. शेवाळामुळे घसरले, असं मी तुला कळवलं. शेवाळ होतं, हे खरं आहे. पण त्याच आठवड्यात मी बागेत खांब रोवले, कमरेच्या उंचीवर दोरी बांधली आणि वाटेवर तीन तऱ्हेची जमीन केली. लिंबोणीपर्यंत विटा, टाकीपर्यंत खडी, जाईच्या मांडवापर्यंत वाळू. प्रत्येक वळणावर दोरीला काहीतरी अडकवलं: एक चमचा, एक कडी, एका बाद मापकाचं पितळी झाकण. बाबांनी आयुष्यभर बस चालवली आणि मागून कंडक्टरचं ओरडणं ऐकलं. पहिल्याच फेरीत हाताला चमचा लागला तसे तेच ओरडले, "लिंबोणी, लिंबोणी! उतरून घ्या!" मी मागून तशीच चालत राहिले तर म्हणाले, "ओ बाई, तुमचं तिकीट इथपर्यंतचंच आहे."

थंडीत एका सकाळी इतकं धुकं पडलं की मला पायरीसुद्धा दिसेना. मी दारातच थांबले. बाबा सरळ चालत गेले, फेरी करून आले आणि माझा हात धरून मला जाईच्या मांडवापर्यंत घेऊन गेले. "आज तू प्रवासी," म्हणाले. "आणि चालत्या गाडीत ड्रायव्हरशी बोलायचं नाही."  

उन्हाळ्यात तू आलास. लिंबोणी फुलली होती. तू विचारलंस, "ही दोरी कशाला?"

"वेल चढवायला."

"वेल कुठाय?"

"येईल."

बाबांनी हसू दाबलं, ते तुला दिसलं नाही. तुला आणखीही बरंच दिसलं नाही. तू यायच्या आधीच ते खुर्चीत जाऊन बसले होते. तुझ्या बुटांचा आवाज ओळखून म्हणाले, "वाळलास रे." मग तू बागेच्या जागी व्हायच्या इमारतीचा नकाशा मोबाईलवर उघडलास. खाली गाड्या, वर मजले, लिफ्टशेजारी बाबांची खोली. फोन त्यांच्यासमोर धरलास आणि माझ्याकडे वळून वहिनीच्या नोकरीचं काहीतरी सांगू लागलास. ते फोनकडे तोंड करून म्हणाले, "छान आहे."

फोनचा पडदा तोवर काळा झाला होता. मी बघत होते.

बाबांना दिसत नाही, दादा. उजेड आहे की अंधार, एवढंच कळतं. यापुढे उपाय नाही, असं डॉक्टर दोनदा म्हणाले. तुला सांगायचं नाही, असा बाबांनी माझ्याकडून शब्द घेतला होता. तेव्हा बाबांनी नकाशा पाहिला, हे वाक्य पुन्हा कुणासमोर बोलू नकोस.

गेल्या महिन्यात पानगळ सुरू झाली. पानांखाली विटा आणि खडी पायाला ओळखू येईना. दोरी हातात असूनही ते गोंधळले, टाकीपाशी उभे राहिले आणि हाक काही मारेनात. तेव्हापासून कामावर जायच्या आधी मी वाट झाडून घेते.

वरच्या हकीकतीत मी एक गोष्ट गाळली आहे. मशीनचा आवाज ऐकून बाबा बाहेर आले. नेहमीच्या जागी त्यांनी हात पुढे केला. दोरी नव्हती. हात तसाच हवेत धरून ते उभे राहिले. ठेकेदाराने हळूच विचारलं, "आजोबांना दिसत नाही का?"

"दिसतं की," बाबा म्हणाले. "ऊन डोळ्यांवर येतंय."

आभाळ भरलेलं होतं. मशीन बंद करायला ठेकेदाराने सांगितलं, दादा. मी नाही.

तुझा हेतू वाईट नाही, हे मला मान्य आहे. ती खोली चांगलीही असेल. पण तिथे ते भिंती चाचपत बसतील. इथे ते बस चालवतात. आज दुपारी मी खांब पुन्हा रोवले, या वेळी सिमेंटमध्ये. कुलूप तोडायचं असेल तर माणसं पाठवू नकोस, स्वतः ये.

हे पत्र मी बाबांना वाचून दाखवलं.

"डोळ्यांचं काढ त्यातून," ते म्हणाले.

"नाही काढणार."

"शब्द दिला होतास."

"दिला होता. आता मोडतेय. पण तुमच्यासमोर मोडतेय, पाठीमागे नाही."

त्यांनी कागदावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मग नीट लिही. त्याला असं वाटायला नको की मी घाबरलोय." म्हणून तेही लिहिलं.

ठेकेदार शनिवारी परत येणार म्हणतो. शुक्रवार, १९ डिसेंबरपर्यंत इथे पोचेल असं उत्तर पाठव. मला नको, बाबांना लिही. मी वाचून दाखवीन, एक शब्दही न बदलता.

तुझी बहीण