छप्पन्न दाते

प्रिय यूसिमी,

फोनवर लिहिलं असतं, पण तुझा फोन तुझा नवरा उघडून बघतो हे अख्ख्या हिबारा गावाला ठाऊक आहे. म्हणून कागद. माझी आई पावाच्या रांगेत तुझ्या हातात देईल. वाच आणि चुलीत घाल.

काल ओस्मेल माझ्याकडे आला होता. तुझा ओस्मेल. हे दोन शब्द खोडणार होतो, पण लिहिलेत तर आता राहू देत. पांढरे बूट, केसांना तेल, आणि काखेत मायामीच्या काकानं पाठवलेलं खोकं. सायकलला बसवायचं इंजिन, टाकी, साखळी, सगळं कोरं करकरीत. माझ्या रिकिंबिलीला, त्या जुन्या इंजिनवाल्या सायकलला, इंजिन होतं डासांच्या फवारणी पंपाचं आणि टाकी म्हणून सरबताची बाटली, आठवतंय ना? तिच्यासाठी मी महिनोन् महिने भंगार उपसलं होतं. त्याला सगळं आयतं मिळतं. इंजिन मिळतं, वरच्या आळीत घर मिळतं, तूही मिळतेस. जळतो मी त्याच्यावर, यूसिमी. चारचौघांत हसून बोलतो, कॉफी पाजतो, आणि आतून जळतो.

आमच्या गल्लीत डॉमिनो खेळणारे म्हातारे त्याला मुद्दाम चढवत होते. रविवारी समुद्राकाठच्या सडकेवर ये म्हणे, बघू मायामीचं घोडं कसं पळतं ते. मग हा ऐटीत माझ्याकडे वळला. खोक्यात मागच्या चाकाची दातेरी चकती चव्वेचाळीस दात्यांची आली होती. ती त्यानं बाजूला टाकली आणि म्हणाला, "मला छप्पन्न दात्यांची कापून दे. दाते जास्त, तर वेग जास्त. एवढं तर पोरालाही कळतं."

पोरालाच कळतं असं. पायडलपाशी मोठी चकती लावली की सायकल पळते, म्हणून मागेही मोठीच हवी असं त्याला वाटतं. मागे सगळं उलटं असतं. मागची चकती जितकी मोठी, तितका वेग कमी आणि चढाला जोर जास्त. गावात निम्मे लोक हीच चूक करतात आणि मी प्रत्येकाला समजावून सांगतो. आईची शपथ, त्यालाही सांगायला मी तोंड उघडलं होतं.

तेवढ्यात मला वीगियाचा चढ आठवला. माझ्या रिकिंबिलीला मागे छत्तीसच दाते होते. सडकेवर ती वाऱ्यासारखी सुटायची, तू माझ्या कमरेला घट्ट धरायचीस. पण चढ लागला की इंजिन मान टाकायचं. मग तू उतरायचीस, चपला हातात घ्यायचीस आणि म्हणायचीस, "तुझ्या यंत्रापेक्षा माझे पाय बरे." मी गाडी ढकलायचो, तू पेरू खात बोलत राहायचीस. वडील घर सोडून गेले ते तू मला त्या चढावरच सांगितलंस. माझ्याशी लग्न करीन हेही तिथंच म्हणाली होतीस, विसरली असशील. मोठी चकती मला कधीही कापता आली असती, कानस तर माझ्याच हातात होती. कापली नाही, ती त्या चालण्यासाठीच.

नंतर मी मोआच्या खाणीत कामाला गेलो. परत आलो तर तुझी सोयरीक ठरलेली, आणि तेही मला तू नाही, आईनं सांगितलं.

तर काल मी तोंड मिटलं आणि ओस्मेलला म्हणालो, "बरं. छप्पन्न." बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या भंगारातला जाड पत्रा काढला आणि आज दिवसभर एकेक दाता कानशीनं घासला. इतकी चांगली चकती मी स्वतःसाठीही केली नव्हती. रविवारी तो सडकेवर निघेल तेव्हा इंजिन बोंबलेल नुसतं आणि घोडागाडीवाला त्याला मागे टाकून जाईल. म्हातारे टाळ्या पिटतील. मी अगदी पुढे उभा राहणार आहे. खोटं कशाला बोलू, या रविवारची मला फार घाई झालीय.

त्यानंतर तो तणतणत लहान चकती मागायला येईल. मी सांगेन पत्रा संपला. पण मग तो ती खोक्यातली चव्वेचाळीसची चढवायला बघेल, आणि तिथं तुला त्याला अडवायचंय. म्हणून हे पत्र. आवाज आवडतो म्हण, वेगाची भीती वाटते म्हण, काहीही म्हण. तू पोटुशी आहेस आणि डॉक्टरीणबाईंनी तुला चढ चालायला सक्त मनाई केलीय, हे आईला पावाच्या रांगेतच कळलं. पॉलिक्लिनिक वीगियाच्या चढाखाली आणि तुझं घर वर. चव्वेचाळीसवर दोघांचं वजन वर जाणार नाही, निम्म्यात तुला उतरावं लागेल. छप्पन्नवर तू पाय न टेकता थेट दारापर्यंत जाशील. बाळ होईपर्यंत तरी ती काढू देऊ नकोस. आणि मला देवमाणूस वगैरे समजू नकोस. तुझी काळजी वाटते हे खरं. पण त्या चढावर तू चपला हातात घेऊन त्याच्या शेजारून बोलत चालावीस, हे मला बघवणार नाही, हेही तितकंच खरं.

त्या एका चढापुरता तुझाच,
एव्हेलिओ