जत्रेआधीचा कांदा

८ एप्रिल १९८३
कांद्याच्या माना पडल्या! अर्धं वावर आडवं झालं. म्हणजे तयार झाला, उपटा आता. पण नाही! जत्रा सत्तावीसला. पहिला कांदा भैरोबाच्या पायरीवर, मगच गावानं हात लावायचा. अधिक महिन्यानं जत्रा लांबली. कांदा थोडाच लांबतो?

चुलीमागच्या भिंतीवर माझ्या कोळशाच्या रेघा आहेत. गारा पडल्या ते दिवस. ऐंशी साली २२ एप्रिल. मग १७. गेल्या साली १४, कांदा वावरात वाळत होता. सासूबाई सांगायच्या, गारा होळीच्या आगंमागं, कांदा लहान असताना. आता त्याही सरकल्या.

सासूबाईंच्या हातचं बी एकट्या माझ्याकडं उरलंय. बाकीच्यांचे बियाण्याचे कांदे गेल्या साली सडले, त्यांनी सटाण्याहून बी आणलं. गारेचा मार खाल्लेला कांदा दिवाळीपर्यंत टिकत नाही. मग बियाण्याला लावणार काय? यंदा गेला की संपलं.

१० एप्रिल
दीर आले. कोंडाजी. जत्रेचं सगळं त्यांच्याकडं. 'वहिनी, भलतं काही मनात आणू नका.' म्हटलं, आणून झालं.

उपटणीला बायका सांगायला गेले मी. सुलाबाई म्हणे, 'देवाच्या आधी? नाय बाई, मला पोरंबाळं हायेत.' जशी मला नाहीतच! झुंबरबाई तेवढी तयार. तिच्या पाठीला बाक आहे. म्हणते, 'देव मला आणखी किती वाकवंल गं? चल.'

१२ एप्रिल
उपटला. दोघींनी सहा वाफे. पहिला निघाला तो पातीसकट पदरात बांधला, घरी कोनाड्यात ठेवला. भैरोबाचा आहे तो. मी काय चोर आहे?

हे सकाळभर बांधावर पाठ करून बसले. उन्हं चढली तसे उठले, बाजूचा वाफा धरला. एक शब्द नाही. नको तर नको, हात चालले ना!

१५ एप्रिल
कांदा पातीखाली झाकून वाळतोय. देवळापुढं कोंडाजी चारचौघांत ओरडले — 'देवाच्या तोंडचा घास पळवला हिनं!' मी बरी गप्प बसेन! 'भावजी, भैरोबाला कांदा पाहिजे का माझी मान?' ह्यांनी हात धरून घरी आणलं. हात झटकला मी.

१९ एप्रिल
माना कापून मागच्या कांदाचाळीत भरला. आभाळ लख्ख. एक ढग नाही! लोकांचा कांदा आणखी फुगला, माझा लिंबाएवढा. सुलाबाई बांधावरून विचारते, 'लोणचं घालती का?' हसा.

चुकले का मी? चुकले तर चुकले. वाट बघून तीनदा चुकलोच होतो की.

२१ एप्रिल
गारा. दुपारी तीनला. वावर पांढरं.

२२ एप्रिल
कोंडाजींच्या वावरात गेले. कांदे फुटलेत, न कापलेल्या मानांतून पाणी आत शिरलंय. जाऊबाई चिखलात बसून होती. पाठीवर हात ठेवला, तिनं काढला नाही.

पण देवळापुढं काय ऐकलं — गारा म्हणे माझ्यामुळं! मी देव कोपवला! जत्रेला पायरी चढायची नाही. मी विचारलं, 'मागल्या तीन सालांत कुणी उपटला होता जत्रेआधी? नाव सांगा.' कोंडाजी पायातल्या वहाणांकडं बघत होते.

ह्यांनी घरी येऊन स्वतःच कोळसा घेतला. चौथी रेघ त्यांनी ओढली.

२५ एप्रिल
गावभर सडका वास. माझी चाळ कोरडी. बियाण्याचे कांदे निवडून वेगळे केले. झुंबरबाईला टोपलीभर दिले. आणखी कुणी मागायला आलं नाही. मरू दे.

२७ एप्रिल
जत्रा. सकाळीच मागच्या दारी कोंडाजी. उपरणं डोक्यावरून घेतलेलं. 'वहिनी... देवाला अख्खा कांदा लागतो. गावात नाही.'

म्हटलं, पुढच्या दारानं या. सुलाबाई अंगण झाडतेय, तिच्यादेखत या.

गेले. वळसा घालून आले.

कोनाड्यातला काढून ओंजळीत दिला. घेतला, पण हलेनात. भिंतीवरच्या रेघा मोजत उभे.