भैयाजीमामांचं म्हणणं आकडेवारीने सिद्ध झालं

नागपूर, शुक्रवार

तीर्थरूप भैयाजीमामांना भाची कामिनीचा वाकून नमस्कार. मामीला जरा जास्त वाकून, कारण हे पत्र तीच वाचून दाखवणार. (डोळ्यांचा डॉक्टरही शेवटी डॉक्टरच, म्हणून तुम्ही चष्मा केला नाही, हे मला ठाऊक आहे.) संत्र्याचा आंबिया बहार कसा फुटला? तुमची प्रकृती विचारत नाही. विचारली की तुम्ही रागावता.

पत्रास कारण की, तुम्ही जिंकलात. मिनलच्या लग्नात भर पंगतीत तुम्ही म्हणाला होतात, "दवाखान्यात गेलं का बिमारी लागते. मी गेलोच नाही, मले काहून लागन?" तेव्हा मी, विद्यापीठातली संशोधक, तोंडात बुंदी असूनही हसले होते. मामा, आता आमच्या आकडेवारीनेच तुमचं म्हणणं सिद्ध केलं आहे.

झालं असं. गरिबांच्या आणि श्रीमंतांच्या तब्येतीत किती फरक पडतो, हे शोधणं माझं काम. (आईला अजून वाटतं मी जनगणनेत आहे.) शहरातल्या हजारो घरांची माहिती घेतली. त्यात एक प्रश्न होता, डॉक्टरांनी तुम्हाला बीपी असल्याचं कधी सांगितलं आहे का? बंगल्यांतल्या लोकांनी हौसेने हो म्हटलं, वर गोळ्यांची नावंही ऐकवली. कळमन्याच्या बाजारातले हमाल मात्र एकजात "नाही". ज्यांची डॉक्टरशी कधी गाठच पडली नाही, त्यांना तो सांगणार तरी काय! पण संगणकाला एवढी अक्कल नसते, आणि आमचे विभागप्रमुख संगणकाच्या शब्दाबाहेर नाहीत. आलेख पाहून ते इतके खूश झाले की त्यांनी चर्चासत्रच भरवलं. पोती उचलणाऱ्याला बीपी नाही, सोफ्यावर बसणाऱ्याला आहे, तेव्हा गरिबी हृदयाला मानवते, असा निष्कर्ष निघाला. टाळ्या पडल्या. नंतर बासुंदी होती, आणि बासुंदीनंतर सरांनी आपली बीपीची गोळी घेतली.

मला काही ते पचेना. (बासुंदी पचली.) म्हणून मी आणि माझा सहकारी दुर्गेश, बीपीचं मशीन घेऊन कळमन्याला गेलो. नत्थूभाऊ नावाच्या हमालाच्या दंडाला पट्टा बांधला, तर आकडा असा चढला की दुर्गेश म्हणाला, मशीन बिघडलं. दुसऱ्याचा तोच प्रकार, तिसऱ्याचाही. सेल बदलले, तरी तेच. शेवटी खात्री करायला पट्टा माझ्या दंडाला बांधला, कारण मी ठणठणीत (मला कुठल्या डॉक्टरने कधी काही सांगितलेलं नाही). तर माझाही आकडा चढलेला! दुर्गेश पैज जिंकल्यासारखा ओरडला, "पाहा मॅडम, मशीनच खराब आहे!" नत्थूभाऊंना माझी दया आली. "बसा बाई, चाय मांगवतो," म्हणाले.

बाकी इकडे सगळं ठीक. मामीचं थोडं ऐकत जा.

तुमची भाची,
कामिनी

ता. क. मामा, एक काम अडलं आहे. मशीन खराब आहे हे दाखवून द्यायला एक पक्का निरोगी माणूस पाहिजे. आपल्या खानदानात तुमच्याशिवाय कोण आहे? पुढच्या रविवारी या. दवाखान्यात नाही, माझ्या घरी. पाटोडीचा रस्सा करते. (मीठ बेताचं.)

ता. क. २ (मामी, हे मनातल्या मनात वाच.) मशीन खराब नाही. आणखी दोन मशीननी तेच सांगितलं. नत्थूभाऊंना डॉक्टरकडे नेऊन आणलं, आणि मीही गोळ्या सुरू केल्या आहेत. मामा सकाळी उठले की भिंत धरून उभे राहतात, असं तू फोनवर सांगितलंस, तेव्हापासून मला घोर लागला आहे. माझ्या आलेखात ते निरोगीच निघतील. पण मला ते आलेखात नकोत, माझ्यासमोर ताटावर बसलेले हवेत. भीती वाटते वं मामी. कसंही करून आण त्यांना. आणि वाचता वाचता गप्प झालीस म्हणून त्यांनी विचारलंच, तर सांग, पोरीने आशीर्वाद मागितला आहे.