शार्कला हाडं नसतात, गुरुजी

गुरुजी, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, पण माझा डावा कान अजून तुमच्यावर रागावलेला आहे. त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची गोष्ट. शाळेत सकाळी परिपाठ असायचा, रोज एकाने पुढे येऊन नवी माहिती सांगायची. बाबा वांगी घेऊन वर्ध्याच्या बाजारात जायचे. त्यांनी आणलेल्या रद्दीत मला मुलांचं पान सापडलं होतं. ते पाठ करून मी उभी आहे आणि म्हणते, "शार्क मासा आहे, पण त्याच्या अंगात एकही हाड नसतं." तुम्ही तिथंच थांबवलंत. "काऊन वं, धाम नदीची मासोळी खाल्ली नाई का कधी? घशात काटा अडकला म्हणजे समजते. मनाले येईन ते सांगून राह्यली." आणि सगळ्या शाळेदेखत कान पिळलात. पोरं हसली. त्यानंतर मी परिपाठाला कधीच उभी राहिले नाही, आणि तुम्हाला त्याचं काही वाटलंही नाही.

अहो, पण आपल्या चिमटीत काय आहे ते तरी बघायचं होतं. एवढा पिळूनही कान मोडला नाही, कारण त्यात हाड नाही, कूर्चा असते. आधार देते आणि वाकतेही. शार्कचा अख्खा सांगाडा कूर्चेचाच, म्हणून तो हलका राहतो, झटकन वळतो. पुरावा हातात धरून तुम्ही मला खोटं पाडलंत. याचा मला आजही संताप येतो.

आता मीही शिकवते. शार्कचा धडा आला की मुलांना कान वाकवून बघायला लावते, पण स्वतःचाच. शार्कचा दात पडला की मागच्या रांगेतला पुढे सरकतो म्हटलं की दात पडलेली पोरं हिरडीवर जीभ फिरवतात. गेल्या महिन्यात मी सांगितलं, पोहणं थांबलं की शार्क गुदमरून मरतो. एक मुलगी उठली. "मॅडम, काही शार्क तळाशी पडून राह्यतेत. म्या वाचलं." मी तिचा कान धरला नाही. "बस खाली, काहीही सांगू नको," एवढंच म्हटलं. पोरं हसली, तशीच.

घरी येऊन पुस्तक उघडलं. तिचं बरोबर होतं. काही जाती तोंडाने पाणी ओढून कल्ल्यांवरून सोडतात आणि निवांत पडून राहतात.

ती आता हात वर करत नाही, गुरुजी. तुमच्यावरचा राग खराच आहे. पण हे पत्र वहीतच राहणार, आणि तेही मी तुम्हाला लिहून राह्यली, कारण तिला सांगायची हिंमत होत नाही.